गहिनीनाथाची खरी हार

गहिनीनाथ पडला, त्यात माझा काही हात नव्हता. पुढचं सगळं मात्र माझ्या जिभेनं केलं.

एकाहत्तर साल, आमच्या गावची चैत्राची जत्रा. श्रीगोंद्यापासून दोन कोसांवरचं गाव आमचं, पण जत्रेतली शेवटची कुस्ती बघायला पार कोपरगावकडून माणसं यायची. ती जिंकेल त्याला वर्षभर चांदीची गदा मिळे आणि सलग चौदा वर्षं गहिनीनाथानं ती गावाबाहेर जाऊ दिली नव्हती. मी रंगनाथ, तालमीतला त्याचा जोडीदार. रोज पहाटे त्याच्याशी लढायचो, रोज पडायचो, आणि त्या पडण्याचाही मला तोरा होता.

त्या वर्षी तो बेचाळीस वर्षांचा होता. उजवा गुडघा दुखरा. समोर कोपरगावचा मच्छिंद्र, वय बावीस. बराच वेळ दोघं एकमेकांना जागा देईनात. मग मच्छिंद्रानं ढाकेचा डाव मारला आणि गहिनीनाथाची पाठ मातीला टेकली. हलगी एकदम थांबली. गहिनीनाथ उठला, त्यानं स्वतःच त्या पोराचा हात धरून वर केला आणि लंगडत घरी गेला. मी लिंबाआड जाऊन रडलो. लाज कशाला वाटायची? रडलो.

दुसऱ्या दिवशी आसारामच्या हॉटेलात निकाल लावायला सगळे जमले. ज्यांनी जन्मात लंगोट लावला नाही ते सगळ्यात पुढं. त्यांचा म्होरक्या काकासाहेब.

"गहिनीनाथाचं नाव झालं, कारन तोडीचा गडीच कदी समोर आला न्हाई," तो म्हणाला. "पयला खरा गडी आला आन् ह्यो आडवा."

"चौदा वर्सं म्हंजी गंमत हाय का?" आसाराम चहा गाळता गाळता म्हणाला. "माणूस म्हातारा व्हनारच की."

"मंग येळेवर लंगोट खुंटीला टांगायचा. हारला तो हारला."

माझं डोकं फिरलं. आधीच मी तापट, त्यात रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. "काय कळतंय रं तुमाला कुस्तीतलं?" मी ओरडलो. "गहिनीनाथानं सोडली कुस्ती! पोरगं गुणाचं हाय, त्याला बाप न्हाई, म्हून मुद्दाम दिली गदा त्याला!"

साफ खोटं. पण काकासाहेबाचं तोंड बंद झालं, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. जोडीदाराची लाज राखली असंच वाटलं.

ठरवून लढलेल्या कुस्तीला आमच्याकडं नुरा म्हणतात. पैलवानाला आईवरून शिवी द्या, एकवेळ तो पोटात घालील; नुरा म्हणालात तर जन्माचं वैर. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण रागाच्या भरात माणूस किती पुढचं बघतो? आठ दिवसांत काकासाहेबाला उत्तर सापडलं.

"सोडली म्हंजी नुराच की! आन् एक नुरा केली, तर मागच्या चौदा कशावरनं खऱ्या?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. ज्यांनी त्या कुस्त्या डोळ्यांनी बघितल्या होत्या, त्यांनाही आता काहीबाही आठवायला लागलं. अमक्या साली पाथर्डीचा गडी जरा लवकरच पडला, नाही का? तमक्या साली गहिनीनाथानं आणि समोरच्या गड्यानं आदल्या दिवशी एका ताटात जेवण केलं होतं म्हणे. मी दारोदार सांगत फिरलो की मी खोटं बोललो. लोक हसले. "जोडीदार हाय, झाकनारच," म्हणाले.

महिना झाला नसेल. मी गहिनीनाथाच्या ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात मच्छिंद्र आला. त्यानं धोतरात गुंडाळलेली गदा गहिनीनाथाच्या पायाशी ठेवली.

"वस्ताद, आमच्याकडं मला भिकेतला पैलवान म्हनत्यात," तो म्हणाला. "खरं सांगा. तुमी सोडली का?"

गहिनीनाथ चकित झाला. त्याच्या कानावर यातलं काहीच कुणी घातलं नव्हतं. "कोन म्हनलं असं?"

मान खाली घालून मी म्हणालो, "मी."

त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो हळू म्हणाला, "रंगनाथ, माज्या जन्मातली ती लई चांगली कुस्ती हुती. ह्या पोरानं मला हुता नव्हता तेवढा जोर लावाया लावला. तरी पडलो. तू तीच खोटी केलीस."

त्याची बायको मनकर्णा दारात उभी होती. "तुमच्यापरीस काकासाहेब बरा, भावजी," ती म्हणाली. "त्यो निस्तं हारला म्हनत हुता."

गहिनीनाथानं तिथंच ठरवलं. रविवारी, आपल्याच तालमीत, सगळ्या गावासमोर पुन्हा कुस्ती. मनकर्णा रडली. "गुडगा जाईल तुमचा."

"जाऊ दे. चौदा वर्सं जान्यापरीस बरं."

रविवारी तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं भिंतीवर, माणसं छपरावर. कुस्ती लागली. थोड्या वेळानं गहिनीनाथानं पट काढायला मच्छिंद्राचा पाय धरला, आणि मला दिसलं, त्या पोरानं अंग ढिलं सोडलं. म्हाताऱ्याची अब्रू राखायला तो पडायला निघाला होता. अगदी माझीच चूक करत होता.

गहिनीनाथानं पाय सोडला, उभा राहिला आणि सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली.

"दया करतो व्हय रं? धर नीट! अब्रू हाय ही माजी!"

मच्छिंद्राच्या डोळ्यांना धार लागली. पण मग तो लढला. गहिनीनाथही असा लढला की त्याला मी वीस वर्षांत तसा बघितला नव्हता. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, एका पायावरच सगळा भार. दोनदा त्यानं त्या पोराला खाली आणलं, दोनदा पोरगं निसटलं. मग पुन्हा तीच ढाक लागली. गुडघ्यात काडकन आवाज झाला, तो भिंतीवरच्या पोरांनाही ऐकू गेला. दोन्ही खांदे मातीत गेले.

तो कण्हला नाही. पडल्या पडल्या त्यानं गर्दीत काकासाहेबाला शोधलं.

"काकासाहेब, ही नुरा का?"

काकासाहेबानं डोक्यावरची टोपी काढली. "न्हाई, पैलवान. पडलास तू."

"मंग मागच्या चौदा?"

"खऱ्या," काकासाहेब म्हणाला.

गहिनीनाथानं डोळे मिटले. मी खांदा द्यायला पुढं धावलो. त्यानं माझा हात हलकेच बाजूला केला आणि मच्छिंद्राच्या गळ्यात हात टाकून उठला.

त्यानंतर तो काठीशिवाय चालला नाही. माझ्याशी मात्र अबोला धरला नाही. मी ओट्यावर गेलो की चहा सांगायचा, पावसापाण्याचं, पोराबाळांचं विचारायचा. कुस्तीबद्दल मात्र तो पुन्हा माझ्याशी एक शब्द बोलला नाही.