खुर्चीत बसलेला नवरा

माझ्या नवऱ्यापुढे दोन पर्याय ठेवले की तो हमखास तिसरा शोधून काढतो. म्हणून डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले तेव्हाच मी सावध झाले.

"भरती व्हायची गरज नाही," डॉक्टर म्हणाले. "घरी राहून उपचार घ्या. संध्याकाळी व्यसनमुक्ती केंद्राच्या गटात बसायचं. तिथे जाऊन बसा, नाहीतर घरून ऑनलाइन बसा, पण बसा. दारू अशीच चालू राहिली तर लिव्हर साथ देणार नाही." हे सगळं ते माझ्याकडे बघून सांगत होते, जणू लिव्हर माझं होतं. नवरा भिंतीवरचा आतड्यांचा तक्ता बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, रंग चुकलाय.

घरी खल सुरू झाला. मी केंद्राच्या बाजूची. लॅपटॉपच्या पडद्यातून वास येत नाही, आणि आमच्या घरात खरं काय ते वासावरूनच कळतं. नवरा म्हणाला, "अगं, केंद्राच्या वाटेवर तीन बार आहेत. मोह झाला तर?"

"मग घरात काय, मोहाला दार बंद आहे?"

"घरात तू आहेस." हे ऐकून मला बरं वाटलं. मी विरघळले आणि हट्ट सोडला.

सासूबाईंनी निकाल दिला, "घरूनच बसू दे. चार लोकांत शोभा नको." त्या चार लोकांनीच त्याला कितीदा उचलून घरी आणलं होतं, पण सासूबाईंपुढे बोलणार कोण?

आमचा धंदा पुतळ्यांचा. कपड्यांच्या दुकानांत उभे असतात ते. घरामागच्या शेडमध्ये साच्यांतून फायबरचे हात, पाय, धडं निघतात. मी त्यांना कपडे चढवते, नवरा चेहरे रंगवतो. डोळे रंगवावेत तर त्यानंच. दुकानात शिरलेली माणसं त्याच्या पुतळ्यांना साइझ विचारतात. शेडमध्ये शांतता असते म्हणून लॅपटॉप तिथेच मांडला. पहिले काही दिवस तो बसला, त्यानं माना डोलावल्या, आणि मी निर्धास्त झाले.

मग एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेले. नवरा ताठ बसला होता. केस विंचरलेले, शर्टाला इस्त्री, नजर पडद्यावर. "गरम आहे तोवर घे," म्हटलं आणि परतले. थोड्या वेळानं कप न्यायला गेले, तर चहावर साय धरलेली. मी चिडून त्याच्या पाठीत धपाटा घातला. आतून पोकळ आवाज आला. मागची खिडकी सताड उघडी होती.

पडद्यावर समुपदेशक बाई गटाला सांगत होत्या, "ऐकावं कसं, हे यांच्याकडून शिका. एकदाही मध्ये तोंड घालत नाहीत." एक निवृत्त बस ड्रायव्हर डोळे पुसत म्हणाले, "यांच्याकडे बघून बोललं की मन हलकं होतं."

नवरा झुलत परतला तेव्हा मी दारातच उभी होते. "अरे, स्वतःच्या जिवावर उठलायस तू!"

"डॉक्टर म्हणाले बसा," तो म्हणाला. "बसलाय की."

मी बाईंना फोन करणारच होते, पण सासूबाई आड आल्या. शेडमध्ये डोकावून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "किती वर्षांनी पोरगा सरळ बसलाय!" हा पुतळा आहे, असं सांगून सांगून मी घसा कोरडा केला, पण त्यांनी त्याला जेवायच्या टेबलाशी आणून बसवलं. खरा नवरा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चार घास खायचा आणि पुन्हा सटकायचा. त्याची सोयच झाली.

आणि माझं म्हणाल, तर मीही वाहवत गेले. शेडमध्ये बटणं लावता लावता मी त्या पुतळ्याशी बोलायला लागले. सगळं सांगितलं त्याला. तो जांभई देत नव्हता, शब्द देऊन मोडत नव्हता. एकदा माझ्या मनात येऊन गेलं, की खरा परत आलाच नाही तरी आपलं भागेल. त्या विचारासरशी मी सुईदोरा टाकून उठले. मला माझा नवरा जिवंत हवा होता, आणि मी तर तो मेल्यावर जगायची सवय करून घेत होते.

त्यात बाईंचा फोन आला. "अभिनंदन! यांचा उपचार पूर्ण होतोय. आज शेवटच्या सत्राला प्रत्यक्ष घेऊन या. यांची जागा उद्यापासून दुसऱ्याला देऊ."

म्हणजे पुतळा सुधारणार आणि नवरा वाऱ्यावर! मी पुतळ्याला टॅक्सीत घातलं. टॅक्सीवाला म्हणाला, "साहेबांना सावकाश बसवा."

केंद्रात खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. मी त्याला एका खुर्चीत बसवलं आणि मोठ्यानं म्हटलं, "हा माणूस नाही. हा पुतळा आहे."

"ताई," बाई हळुवारपणे म्हणाल्या, "इथे आम्ही कुणाला नावं ठेवत नाही." टाळ्या वाजल्या. ड्रायव्हरनी पुतळ्याच्या गळ्यात हार घातला.

तेवढ्यात दार ढकलून नवरा आत आला. दाढी वाढलेली, एकाच पायात चप्पल. माझ्याकडे बघून म्हणाला, "अगं, आईनं मला दारातच विचारलं, कोण पाहिजे? म्हणे, आमचा पोरगा तर केंद्रात गेलाय."

"आपण कोण?" बाईंनीही विचारलं.

त्यानं खुर्चीकडे बोट दाखवलं. "तो मी आहे."

"अजिबात नाही!" ड्रायव्हर उसळले. "आमचा माणूस असा नाही."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हीच सांगा ताई. यातले तुमचे कोण?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. नवराही. एका शब्दाचं काम होतं. पण दुकानदारांशी, डॉक्टरांशी, शेजाऱ्यांशी इतकी वर्षं त्याच्या वतीनं मीच बोलत आले होते. तो आजारी आहे, तो बाहेरगावी गेलाय, तो झोपलाय. माझा जीव तुटत होता, तरी या वेळी मी तोंड मिटून बसले.

नवरा पुतळ्यासमोर जाऊन उभा राहिला. स्वतःच रंगवलेल्या त्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिला.

"हा पीत नाही," तो म्हणाला. "मी पितो. सकाळी तोंड धुवायच्या आधी पितो. आत्ताही प्यायलोय. आणि मला फार भीती वाटते. मला मरायचं नाही."

ड्रायव्हर उठले, खुर्ची मोकळी करायला पुतळ्याचा दंड धरून ओढायला लागले, तर अख्खा हातच निखळून त्यांच्याकडे आला. "अरे, हा तर पुतळा आहे!" ते म्हणाले.

"मग मी मघापासून काय सांगतेय?" मी ओरडले.

नवरा त्या खुर्चीत बसला. मी पुतळ्याला काखोटीला मारून बाहेर आणलं आणि पायरीवर टेकले. आतून नवऱ्याचा आवाज येत होता. अडखळत होता, रडत होता, एकच गोष्ट दोनदा सांगत होता. लोक त्याला मध्येच तोडत होते आणि तोही त्यांच्यावर आवाज चढवत होता. यातलं एक अक्षर त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. मला त्याचा राग आला, आणि हायसंही वाटलं. पुतळ्याचा तुटका हात मांडीवर घेऊन मी तिथेच मनसोक्त रडले.