दोनशे वीस

"किती आला?" दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबत ज्युलिएटने विचारलं.

"टू ट्वेंटी." सियोनने खुर्चीतूनच श्वास मोजायची नळी तिच्यापुढे धरली. "बघ ना तूच."

तिने पाहिलं. नळीवरचा लाल काटा दोनशे वीसवर होता. काल तेवढाच, परवाही तेवढाच.

"मी आज रजा घेते."

"कशाला? काटा सांगतोय ना, ठीक आहे म्हणून? तिकडे तुझी रांग लागली असेल. जा तू."

१९९५ चा ऑगस्ट. यॉर्कशायरमध्ये सहा आठवडे पाऊस नव्हता आणि घरामागचा माळ चार दिवसांपासून जळत होता. वरचं झुडूप विझवलं तरी खालची पीट, म्हणजे वर्षानुवर्षं कुजून साठलेली काळी माती, आतल्या आत धुमसत राहायची. वारा पडलेला. धूर उतरून दरीत बसला होता. खिडक्या लावून घ्या, छातीचे आजार असलेल्यांनी बाहेर पडू नका, असं रेडिओवर तासातासाला सांगत होते. बंद घरात इतकं उकडायचं, की भिंतींना हात लावला तर त्या गरम लागायच्या. पावाला धुराचा वास, उशीला धुराचा वास.

हे घर सियोनने निवडलं होतं. मुंबईहून आल्यावर तो दरीतल्या कापसाच्या गिरणीत फिटर म्हणून लागला. कापूस पिंजायच्या खात्यात सतरा वर्षं काढली आणि कापसाची भुकटी छातीत घेऊन घरी बसला. गिरणीत खिडक्या कधी उघडत नसत. म्हणून त्याने गावाच्या पार वरच्या टोकाचं, माळाला टेकलेलं घर घेतलं. "इथली हवा बघ, ज्युली!" पहिल्या दिवशी सगळ्या खिडक्या सताड उघडून तो म्हणाला होता.

ज्युलिएटला लंडनच्या एजवेअर भागात जायचं होतं. तिथे तिची बहीण दिना होती, शब्बाथला आपली चार बेने इस्रायली माणसं एकत्र जमत होती, मराठीत भांडायला कुणीतरी होतं. "वर्षभर राहू, मग बघू," असं सियोन तेव्हा म्हणाला होता. त्याला तेवीस वर्षं झाली. मूलबाळ झालं नाही. संध्याकाळी सहानंतर वर बस येत नसे, हिवाळ्यात तर धुक्यात शेजारचं घरही दिसत नसे. तिने तक्रार केली नाही; पण सकाळी हॉस्पिटलच्या छातीच्या क्लिनिकमध्ये पोचून निळा गणवेश चढवला, की तिचे खांदे आपोआप सैल पडत. हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नाही, असं ती समजत होती.

त्या दिवशी क्लिनिकबाहेर रांग जिन्यापर्यंत गेली होती. ज्युलिएट एकेकाला नळी देत होती. "डीप ब्रेथ, लव्ह. नाऊ ब्लो." आकडा कागदावर लिहायचा, मागचा आकडा बघायचा. गिरणीतल्या जुन्या बायका, रिटायर झालेला पोस्टमन, दम्याची शाळकरी पोर. तीनशेचे दोनशे, अडीचशेचे एकशे सत्तर. सगळ्यांचा काटा उतरलेला होता. काही तर खाली, शहरात राहणारे होते.

दुपारी बाराच्या सुमाराला एका म्हातारीचा आकडा लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं.

सगळ्यांचा उतरला. मग माळाच्या तोंडाशी बसलेल्या माणसाचा कसा नाही उतरला?

तिने घरी फोन लावला. वाजत राहिला.

सिस्टरला सांगून ती तशीच निघाली. बस अर्ध्या चढावर थांबली. पुढे रस्त्यात पोलीस उभा होता, त्याच्यामागे अग्निशामक गाड्या आणि पिवळट भिंतीसारखा धूर.

"रोड क्लोज्ड, लव्ह. वरच्या घरांत लोकांना आतच थांबायला सांगितलंय."

"माझा नवरा आहे वर. त्याचं फुफ्फुस अर्धंच आहे."

"अँब्युलन्सला रेडिओ करतो. पण तुम्हाला सोडता येणार नाही."

तो रेडिओकडे वळला आणि ती बाजूच्या कुंपणातून गल्लीत शिरली. रुमाल तोंडावर दाबून, घराघरांच्या मागच्या भिंतींना हात लावत, ती वर चढत राहिली. साठाव्या वर्षी तो चढ तिला असाही जड जायचा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. स्वतःच्या छातीत शिटी वाजायला लागली तेव्हा तिला कळलं, लोक रोज आपल्याला काय सांगत असतात ते.

सियोन बाथरूममध्ये जमिनीवर बसला होता, दोन्ही हात टबच्या काठावर टेकून. ओठ जांभळे पडले होते. घरातली तेवढी एकच खोली बिनखिडकीची.

"तू... कशाला... आलीस?"

"बोलू नका." तिने दार लावलं, फटीला टॉवेल दाबला, निळ्या पंपाचे फवारे दिले. त्याच्यासमोर मांडी घालून बसली. "माझ्याकडे बघा. समजा, समोर मेणबत्ती आहे; ज्योत विझवायची नाहीये, नुसती हलवायचीय. ओठ आवळून हळू सोडा. हळू. आणखी."

बाहेर कुठे घंटा नाही, हाक नाही. नळ टपकत होता. त्या चार हातांच्या खोलीत दोघांचे श्वास एकमेकांवर आपटत होते. पाच मिनिटं, दहा, वीस. दार उघडावं तर धूर, न उघडावं तर हवा संपत चाललेली. एकदा त्याने कडीकडे हात नेला. तिने तो धरून खाली ठेवला आणि सोडला नाही.

थोडा दम आल्यावर तो म्हणाला, "अंगठ्याने सरकवायचो."

"काय?"

"काटा. फुंकून झालं की... अंगठ्याने. वर."

तिला आधी राग आला. इतका, की हात सोडून द्यावासा वाटला. "तीस वर्षं मी हेच काम करते आणि तुम्ही मलाच फसवलंत? मेला असतात म्हणजे? मी काय केलं असतं?"

"खरा आकडा कळला असता, तर तू घरी राहिली असतीस." तो थांबला, ओठ आवळून श्वास सोडला. "माझ्यापायी इथे कोंडलीस. तेवीस वर्षं. सकाळी तू उतरणीला लागलीस की... पाठमोरी... चाल बदलते तुझी. मी वरून बघतो रोज. म्हटलं, या घरात आणखी एक दिवस... नको."

ज्युलिएटने फटीतला टॉवेल पुन्हा दाबला. बोलण्यासारखं बरंच होतं, पण हवा थोडी होती.

चाळीस मिनिटांनी दार ठोठावलं गेलं. काजळलेल्या तोंडाच्या दोन फायरमननी सियोनला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून, वर ओली चादर टाकून, खुर्चीसकट खाली उचलून नेलं. ती मागोमाग होती, खुर्चीच्या पाठीला धरून.

तो वाचला. अकरा दिवस ऑक्सिजनवर होता. डॉक्टर म्हणाले, वर परत जायचं नाही, आता नाही आणि हिवाळ्यात तर नाहीच. माळ सप्टेंबरमध्ये पावसाने विझला. घर विकायला ज्युलिएट एकटीच गेली. बंद खिडक्यांच्या आतल्या बाजूलाही काजळी बसली होती. ती पुसल्याशिवाय तिच्याने चावी देववेना. दिवसभर पुसत राहिली, त्याच्या आवडत्या खोलीची तावदानं दोनदा.

एजवेअर राहूनच गेलं. त्याच्या छातीचे कागद लीड्सच्या मोठ्या हॉस्पिटलात होते, म्हणून नगरपालिकेने तिथेच तळमजल्यावर दोन खोल्या दिल्या. समोर रहदारीचा रस्ता. तिला जवळच्या क्लिनिकमध्ये अर्ध्या दिवसाचं काम मिळालं. दिना फोनवर म्हणाली, "आता तरी इकडे ये गं." ज्युलिएट म्हणाली, "बघू."

सियोन त्यानंतर दोन हिवाळे काढू शकला. रोज सकाळी तो दाढी करायचा, टाय बांधायचा आणि तिला फाटकापर्यंत पोचवायला निघायचा. दारापासून फाटक अकरा पावलं. चौथ्या पावलावर थांबायचा, ओठ आवळून श्वास सोडायचा. सातव्यावर पुन्हा. एके दिवशी ते सातव्यावर उभे असताना तिची बस कोपऱ्यावरून वळली, थांब्यावर थांबली आणि दरवाजे मिटून निघून गेली.

"गेली गं तुझी," तो म्हणाला.

"जाऊ दे," ज्युलिएट म्हणाली. तिने त्याचा कोपर जरा नीट धरला, आणि आठव्या पावलासाठी तो तयार होईपर्यंत उभी राहिली.