माझ्या पाठीमागची भिंत

मित्रांनो, मी एका चर्चमधली जुनी वेदी आहे. वेदी म्हणजे मिस्सेच्या, म्हणजे रविवारच्या मुख्य प्रार्थनाविधीच्या वेळी ज्यावर भाकर आणि द्राक्षारस ठेवतात तो दगडी ओटा. मला घडवलं ते भिंतीला चिकटूनच. त्याला कारण होतं. चर्चची मागची भिंत बांधता बांधताच पुढे झुकू लागली होती. तेव्हा गवंड्याने माझी पाठ छतापर्यंत उंच नेली आणि भिंतीला टेकू दिला. लोकांना वाटायचं, काय सुंदर नक्षी! नक्षी होतीच, पण तिच्यामागे मी दातओठ खाऊन भिंत पेलत होते.

त्या काळी फादर लोकांकडे पाठ करून माझ्यासमोर उभे राहायचे आणि लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणायचे. मागे बसलेल्यांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. म्हाताऱ्या बायका जपमाळ ओढायच्या, बाळं रडायची, घंटा वाजली की सगळे गुडघे टेकायचे. तरी मला ते आवडायचं. सगळं कौतुक माझ्याच तोंडावर व्हायचं ना!

मग वरून नवे नियम आले. मिस्सा लोकांच्या भाषेत, आणि फादरांचं तोंड लोकांकडे. पहिल्या रविवारी सगळं चर्च मोठ्याने प्रार्थना म्हणू लागलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. इतक्या वर्षांत मी त्या माणसांचा आवाजच ऐकला नव्हता. पण फादरांना माझ्यामागे उभं राहायचं तर मला भिंतीपासून सोडवणं भाग होतं.

चर्चची देखभाल एक म्हातारे गृहस्थ करायचे. सगळे त्यांना किरकिरे आजोबा म्हणत, आणि ते नाव त्यांनी कमावलेलं होतं. लॅटिन गेलं, किरकिर. माझ्यापुढचा कठडा काढला, किरकिर. गिटार आली तेव्हा तर दोन दिवस जेवले नाहीत. मला फोडणार हे कळल्यावर ते फादरांकडे गेले.

“फादर, वेदीची पाठ काढू नका. भिंत तिच्यावर टेकलीय. माझे वडील होते इथे गवंडी, त्यांनी सांगितलंय मला.”

तरुण फादर हसले. माणूस वाईट नव्हता. “आजोबा, लॅटिन गेलं तेव्हाही तुम्ही म्हणालात छप्पर कोसळेल. कोसळलं का?”

लांडगा आला रे आला, अशी आजोबांची गत झाली होती.

माझी पाठ फोडली. वरचा दगड चार खांबांवर ठेवून मला पुढे, मधोमध उभं केलं. मागची मोकळी जागा वाया कशाला घालवायची, म्हणून तिथे मुलांच्या गायनमंडळाची बाकं मांडली. पहिल्याच बाकावर आजोबांची नात बसायची.

दुसऱ्या आठवड्यात भिंतीवर केसाएवढी भेग दिसली. आजोबांनी तिच्यावर खळीने कागदाची पट्टी चिकटवली. गवंडी असंच करतात. भिंत हलली की कागद फाटतो. चार दिवसांत फाटला. फादर म्हणाले, “ऊन लागून फाटला असेल. पुढच्या महिन्यात इंजिनियरला बोलावतो ना!” दुसरी पट्टी दोन दिवस टिकली. तिसरी शनिवारी दुपारी लावली, ती संध्याकाळच्या प्रार्थनेआधीच गेली. आजोबांनी बाकं ओढून बाजूला केली, तर कुणीतरी ती परत जागेवर नेली. ते सुनेला म्हणाले, “पोरीला उद्या नको पाठवू.” ती म्हणाली, “बाबा, तुमचं नेहमीचंच.”

मला आता पाठ नव्हती. पण माझ्या पांढऱ्या कापडावर बारीक रेती पडत होती, ते कळत होतं. दगड घाबरत नाही म्हणतात. मी घाबरले होते.

रविवारी चर्च भरलं. मुलं गाऊ लागली. फादरांनी हात उंचावले, लोकांकडे पाहिलं आणि थबकले. समोरच्या दारात आजोबा उभे होते. जन्मभर त्यांनी मिस्सेत फादरांची पाठ पाहिली होती. आजोबांचा चेहरा मात्र मिस्सेत कुठल्याही फादरांनी नीट पाहिला नव्हता. आज त्यावर किरकिर नव्हती. हात जोडून, मुलांकडे बघत, ते ढसाढसा रडत होते.

फादरांनी वळून भिंतीकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं. “मुलांनो, गाणं थांबवा. बाजूच्या दाराने एकेक जण बाहेर. पळू नका.” मग लोकांनाही उठवलं. मिस्सा अर्धवट सोडत नाहीत, मित्रांनो. त्या दिवशी सोडली.

फादर शेवटी निघाले. ते उंबऱ्यात असतानाच भिंत कोसळली आणि बाकांचा भुगा झाला. मी धुळीने माखून गेले. बाहेर फादर म्हणाले, “आजोबा, चुकलो मी.”

“ते नंतर,” आजोबा म्हणाले. “आधी पोरं मोजा.”

सगळी होती.

आता भिंत नवी आहे, फादरही नवे आहेत. आजोबा वारले. परवा कुणीतरी चर्चच्या उजवीकडच्या मोठ्या खांबावर टिचकी मारून म्हणालं, “हा काढला की मागच्यांनाही वेदी नीट दिसेल.” बदल हवेतच, मी माणसांपुढे आले ते बरंच झालं. पण त्या खांबावर काय टेकलंय हे मला ठाऊक आहे, आणि मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. लोक हसले तरी हसू देत, पण खांब काढण्याआधी कुणीतरी विचारा.