तालमीच्या खोलीची चावी

चर्चच्या मागच्या अंगाला तालमीची खोली होती. वर पत्रे, पण आतून नीटनेटकी. पेटी, तबला, कीबोर्ड, माइकचा संच, सगळं तिथंच असायचं. परभणीतल्या त्या लहानशा मंडळीत गायनाचं सगळं माधवी भालेराव बघायची. दिवसभर शाळेत घसा कोरडा करून संध्याकाळी पेटीवर बसली की तिला बरं वाटायचं.

तबल्याला सिद्धोधन. पिंगळीचा, बौद्ध घरातला, भीमगीतांच्या पार्ट्यांत वाजवून नाव कमावलेला. एका नाताळापुरता म्हणून आला आणि राहिलाच. घरी एकाच खोलीत आईवडील, बायको संघप्रिया आणि तान्हं लेकरू. रियाज करायचा कुठं? माधवीनंच कमिटीला गळ घालून त्याला खोलीची चावी मिळवून दिली. रेल्वेनं तो लवकर यायचा, खोली झाडून काढायचा आणि बाकीचे जमेपर्यंत एकटाच वाजवत बसायचा.

भादव्यात एका सकाळी खोलीचं दार सताड उघडं दिसलं. कीबोर्ड आणि अँप्लिफायर गायब. कुलूप मात्र शाबूत, कोयंड्याला लटकलेलं.

"कुलूप तोडलेलं न्हाई, ताई. चावीनंच उघडलंय," कमिटीचे सेक्रेटरी आबासाहेब म्हणाले. "एक चावी माझ्याकडं, एक तुमच्याकडं..."

तिसरं नाव त्यांनी घेतलंच नाही. कमिटीतल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"तो असं करणार नाही," माधवी म्हणाली.

"त्यानं केलं असं मी कुठं म्हणतोय? पण बाहेरच्या माणसाकडं चावी कशाला? तुमीच देवविली, तुमीच मागून घ्या."

काय बोलायचं ते तिनं दिवसभर मनात जुळवलं होतं. सिद्धोधन समोर आल्यावर तोंडातून भलतंच निघालं. "सगळ्यांच्याच चाव्या जमा करायलेत."

हे खोटं होतं. तिची चावी पर्समध्येच होती.

सिद्धोधननं खिशातून चावी काढून तिच्या हातावर ठेवली. "ताई, तुमाला तरी वाटतंय का, मी नेलं म्हणून?"

"न्हाई रे."

"मग तिथं बोललात का तुमी?"

बोलली होती, एक वाक्य. त्याला बोलणं म्हणावं का, हे तिचं तिलाच कळेना.

त्यानंतर खोलीला लोखंडी जाळीचा दरवाजा बसला. दोन कुलपं, आणि सगळ्या चाव्या आबासाहेबांच्या घरी. गाणारे येऊन पायरीवर ताटकळायचे. आबासाहेब कधी शेताकडं गेलेले, कधी लग्नाला. हळूहळू लोक यायचेच बंद झाले. सिद्धोधनही फिरकला नाही. चोरीची कुजबुज मात्र त्याच्या आधी सगळीकडं पोचली. गाण्याच्या पार्टीवाल्यांनी "सध्या राहू दे" म्हणत त्याला बोलावणं सोडलं. घर तर चालवायला पाहिजे, म्हणून त्यानं कापसाच्या जिनिंगवर काम धरलं.

दिवाळीनंतर पाथरीत एक जण कीबोर्ड विकताना सापडला. चर्चला रंग द्यायला आलेला कामगार. त्या वेळी आबासाहेबांनीच आपली चावी त्याच्या हवाली केली होती. कामाच्या धामधुमीत त्यानं तशीच दुसरी करून घेतली होती.

माधवी शाळेतून तशीच पिंगळीला गेली. दारात संघप्रिया उभी होती. ती ये म्हणाली नाही, नुसती बाजूला सरकली.

आत सिद्धोधन खाटेवर बसला होता. उजव्या हाताला जाड पट्टी. जिनिंगच्या मशीनमध्ये हात गेला होता. दोन बोटं मुळापासून गेली होती.

"चोर सापडला," माधवी कसंबसं म्हणाली.

"कळलं. बरं झालं."

तिला हुंदका आवरेना. "रडू नका ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "लेकरू उठंल."

रविवारी उपासनेत आबासाहेब प्रार्थनेला उभे राहिले. आमच्या जखमी भावाला बरं कर, त्याच्या घराला आधार दे, असं ते डोळे मिटून म्हणत होते. आवाजही कातर झाला होता. माधवी पेटीमागून उठली.

"आबासाहेब, रंगाऱ्याला चावी कुणी दिली, ते आधी सांगा. आणि ज्याची काढून घेतली त्याची माफी मागा. माफी मलाही मागायचीय. मी त्याच्याशी खोटं बोलले."

कुणीतरी खोकलं. आबासाहेबांनी "आमेन" म्हटलं आणि खाली बसले. पाळकसाहेबांनी घाईघाईनं पुढच्या गीताचा नंबर सांगितला. माधवीनं पेटीला हात लावला नाही. लोक तसेच गायले. पहिल्याच कडव्यात सूर फाटला.

पुढच्या बैठकीत ठरलं, की संध्याकाळी जाळी उघडी ठेवायची आणि आळीपाळीनं एकानं तिथं बसायचं. बाकीच्यांना सवड होत नाही, त्यामुळे बहुतेक माधवीच वह्या तपासत बसते. गाणारे परत येऊ लागलेत. तबलजी काही मिळालेला नाही. आबासाहेब तिच्याशी बोलत नाहीत.

अधूनमधून ती पिंगळीला जाते. संघप्रिया चहा ठेवते. गाण्याचा विषय कुणीच काढत नाही. निघताना सिद्धोधन लेकराला डाव्या कडेवर घेऊन स्टेशनपर्यंत येतो, आणि गाडी हलायच्या आतच माघारी वळतो.