मधली पानं

बत्त्याचा ठोका एकसारखा पडत होता. ज्ञानदाने मांडीवर झोपलेल्या लेकीला, उर्वीला, न हलवता कादंबरीची बरीच पानं एकदम उलटली आणि तोच आवाज ठेवून पुढे वाचू लागली. कादंबरीतली केराबाई आता सुनेच्या स्कूटीवर मागे बसून बाजाराला निघाली होती.

समोर सासूबाई, अनसूयाबाई, शेंगाचटणी कुटत होत्या. मिक्सरमध्ये तेल सुटत नाही, हे त्यांचं ठाम मत. दुपारी त्या कुटायच्या, ही वाचायची. कंटाळा आला की ठोके जोरात पडत. रंग भरला की बत्ता थांबे.

सोमवारपासून ज्ञानदाला शाळेत पुन्हा रुजू व्हायचं होतं. पण उर्वीला सासूबाईंनी सांभाळलं तरच. विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, आता या वयात मला झेपायचं नाही. म्हणून ही कादंबरी तिने ग्रंथालयातून मुद्दाम आणली होती. यातली खाष्ट सासू, केराबाई, शेवटी निवळते.

"थांब. पानं गाळलीस की."

"नाही हो, आई."

"काल ती सुनेला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नव्हती. आज तिच्याच गाडीवर? रात्रीतनं भूत शिरलं काय तिच्यात?"

ज्ञानदाला हसू आवरेना. तिने पानं मागे उलटली.

मधे तसं विशेष काही घडत नव्हतं. केराबाई एकदा सुनेची पिशवी नुसती दाराशी आणून ठेवते. सून उशिरा येते तेव्हा बोलत नाही, पण तिचं ताट झाकलेलं असतं. मग एका दुपारी, कुणी बघत नाहीसं पाहून, ती गाडीच्या सीटवर हात ठेवते. चटका बसतो. आत जाऊन ती ओलं फडकं आणते आणि सीटवर पसरते.

बत्ता थांबला.

"फडक्याचं परत वाच."

ज्ञानदाने वाचलं.

"हां. आता बसेल ती गाडीवर."

मग बाजाराचं प्रकरण आलं. वळणावर केराबाई वांग्यांची पिशवी सोडून सुनेच्या कमरेला मिठी मारते, तिथे अनसूयाबाई डोळ्यांना पदर लावून हसल्या.

चटणी डब्यात भरली. तिखटाचे हात त्यांनी दोनदा धुतले, हुंगून पाहिले आणि उर्वीला अलगद आपल्या मांडीवर घेतलं.

"शाळेत विचार, आधी अर्धा दिवस चालतं का," त्या नातीकडे बघत म्हणाल्या. "एकदम शेवटाला नको उडी मारूस."