लेन्सच्या मागचा ठिपका

पंढरीनाथांच्या घरात नाव न घातलेलं भांडं औषधालाही सापडणार नाही. पातेल्या-तांब्यांचं सोडा, सांडशीवरसुद्धा नाव आहे. पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, त्यामुळे ‘विश्वास गेला पानिपतात’ ही म्हण ते घरचीच गोष्ट सांगितल्यासारखी सांगतात. रिटायर झाल्यावर त्यांनी सत्तर ते तीनशे मिलिमीटरची साधी झूम लेन्स घेतली आणि रोज सकाळी इंदूरच्या सिरपूर तळ्यावर पक्ष्यांचे फोटो काढायला जाऊ लागले. पक्षी मात्र बेटे नेहमी तीनशेच्या पलीकडेच बसायचे.

म्हणून ते मल्हारगंजात लक्ष्मणकडे टेलिकन्व्हर्टर मागायला गेले. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारं हे भिंगांचं कडं, लांबचं आणखी जवळ आणतं. लक्ष्मण वीस वर्षं त्यांचे कॅमेरे दुरुस्त करत होता.

“पंढरीजी, ये इस लेन्स का काम नहीं,” लक्ष्मण म्हणाला. “तीनशेचं चारशेवीस होईल, पर उजेड आधा राहील. मोठ्या लेन्सला चालतं, तुमची बिचारी फोकससाठी भटकत बसेल. आणि मागची काच घासली तर दोन्ही गेलं. एक घंटा लेन्स ठेवून जा, नापून बघतो. बसलं तर आठ दिवस वापरा, फिर लेना.”

पंढरीनाथांच्या मनात पाल चुकचुकली. आधी नको म्हणतो, मग लेन्स ठेवून जा म्हणतो, वर आठ दिवस फुकट. इतका भोळा दुकानदार इंदुरात कधीपासून झाला? “उद्या आणतो,” म्हणून ते घरी आले. बायकोच्या, शैलजाच्या, फिक्या गुलाबी नेलपॉलिशचा एक ठिपका त्यांनी लेन्सच्या मागच्या बाजूला, कडेला लावला. लेन्स बदलली तर लगेच कळेल. तेवढ्यात तिची चाहूल लागली आणि त्यांनी घाईघाईने मागचं झाकण फिरवून बसवलं.

दुसऱ्या दिवशी लेन्स देताना त्यांनी बजावलं, “नुसतं नापायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही.”

लक्ष्मणने लेन्सच्या मागे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. “ठीक,” एवढंच म्हणाला.

तासाभराने लेन्स परत मिळाली. ठिपका जागच्या जागी होता. काच घासत नव्हती, म्हणून लक्ष्मणने खोक्यातून कन्व्हर्टर काढून हातात ठेवला. ना चिठ्ठी, ना सही.

पुढच्या सकाळी तळ्यावर चक्रवाकांची जोडी आली आणि लेन्स ढिम्म हलेना. कन्व्हर्टर काढला, तरी फोकस नाहीच. पंढरीनाथांना सगळं लख्ख कळलं. ठिपका बाहेर तसाच ठेवून पठ्ठ्याने आतलं मशीन काढून घेतलं होतं. त्यांनी तिथेच बाकावर बसून दोनशे फोटोग्राफरांच्या ग्रुपवर लक्ष्मणचं नाव घालून लिहून टाकलं. दुपारपर्यंत शेजारच्या पीयूषने दुरुस्तीला दिलेला कॅमेरा परत आणला. लग्नाचे फोटो काढणारे आणखी तिघे आपापले कॅमेरे परत आणायला निघाले.

“अहो, त्याला विचारलंत तरी का?” शैलजाने विचारलं.

“चोर कधी सांगतो का?”

संध्याकाळी ते पीयूषला साक्षीदार म्हणून घेऊन दुकानात गेले. दुरुस्तीच्या कॅमेऱ्यांचं कपाट अर्धं रिकामं झालं होतं. लक्ष्मणने लेन्स दिव्याखाली धरली, भिंग लावलं. लेन्सच्या मागे बारीक सोनेरी पिना असतात, त्यांच्यातून ती कॅमेऱ्याशी बोलते. त्याने कापूस औषधात बुडवून त्या पिनांवरून फिरवला आणि पंढरीनाथांसमोर धरला. कापूस फिका गुलाबी झाला होता.

ओल्या ठिपक्यावर झाकण फिरवलं तेव्हा रंग पिनांवर पसरला होता. आता लेन्स कॅमेऱ्याला लावताच समोरच्या गच्चीवरची टाकी एका क्षणात स्वच्छ दिसली. लक्ष्मणने मध्ये कन्व्हर्टर लावला. टाकी जवळ आली, पण अंधुक, आणि लेन्स घरघर करत पुढेमागे भटकत राहिली.

“हे तर मी पहिल्याच दिवशी बोललो होतो,” लक्ष्मण म्हणाला.

पंढरीनाथांना मान वर करवेना. “ठिपका तुला दिसला होता?”

“दिसला ना. निशाणी आहे, समझ गया था. पुसला असता तर तुम्ही म्हणाला असता, लेन्स बदलली. पिनांवर गेलंय ते नाही दिसलं. हात लावू नको म्हणालात, नाही लावला.”

पंढरीनाथांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच उभं राहून त्यांनी ग्रुपवर लिहिलं की चूक माझी, खूण मीच केली होती, लक्ष्मण निर्दोष आहे. पाच मिनिटं झाली तरी कुणाचं उत्तर आलं नाही. पीयूष लक्ष्मणला म्हणाला, “मी कॅमेरा बघतो, काका. परवा वगैरे आणून देईन.” आणि तो गाडी काढायला बाहेर गेला.

पंढरीनाथांनी कन्व्हर्टर काउंटरवर ठेवला. गेली वीस वर्षं त्यांनी परत आणलेली वस्तू लक्ष्मण न बघता ड्रॉवरमध्ये टाकत असे. आज त्याने चष्मा लावला. कन्व्हर्टर उलटा केला, त्यावरचा नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला. मग पुन्हा एकदा ताडून पाहिला.

“बरोबर आहे,” तो म्हणाला.