हवालदाराची उलटतपासणी

बाईंनी सकाळपासून सहा उलटतपासण्या ऐकल्या होत्या, आणि सहाही होतकरू वकील नुसतेच साक्षीदाराच्या अंगावर धावून गेले होते. नागरी हक्कांचा कायदा शिकवायला लागून एकोणीस वर्षं झाली; आता हा आरडाओरडा त्यांच्या कानात शिरतच नसे.

साक्षीदार म्हणून त्यांचा थोरला भाऊ बसला होता, पोलिसातून निवृत्त झालेला हवालदार. सराव-खटल्यासाठी बाई त्याला दरवर्षी गळ घालून आणत, आणि तो मुलांना पाणी पाजून जाई. खटला ठरलेला: वाचनालयात बसलेल्या एका मजुराकडे पोलिसाने ओळखपत्र मागितलं आणि त्याला बाहेर काढलं.

सातवी मुलगी उठली. हातात कागदसुद्धा नव्हता.

"तेव्हा आत किती माणसं होती?"

"असतील तीसेक."

"ओळखपत्र कितीजणांकडे मागितलं?"

"एकाकडे."

"त्याच्याकडेच का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. उलटतपासणीत 'का' विचारू नका, साक्षीदाराला रान मोकळं मिळतं, हे त्यांनी वर्षभर कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. दादाचं उत्तर तर पाठच होतं: तक्रार आली होती म्हणून.

दादाने मुलीच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "कपडे मळके होते त्याचे. बाकी काही नाही."

मुलगी खाली बसली.

मधल्या सुट्टीत ती गुण विचारायला आली. दोन कापले होते.

"पण मॅडम, ते खरं बोलले."

"खऱ्या कोर्टात त्यांनी तुला हातोहात गुंडाळलं असतं. तुझ्या पक्षकाराचा निकाल तिथेच लागला असता."

मुलगी मान हलवून गेली. खोलीत दोघं भावंडंच उरली.

"उत्तर बदललंस दादा."

"तीस वर्षं पिंजऱ्यात उभा राहिलो. वकील ओरडायचे, मग मीही ताठ व्हायचो. असं साधं कुणी विचारलंच नाही."

"म्हणजे असं झालं होतं?"

"वाचनालय नव्हतं. बसस्टँड होता."

"आणि तो माणूस?"

"काय माहीत. ड्यूटी संपली, मी घरी आलो. तू अभ्यास करत बसली होतीस."

बाईंनी गुणांचा कागद पुढे ओढला.

"अजून चौघं आहेत," त्या म्हणाल्या. "जमेल?"

दादाने चहाचा कप विसळून पालथा घातला आणि वर्गाकडे निघाला.